देव तिकडे, खेळ इकडे

मी डूख धरणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आईचं म्हणणं, हा स्वभाव मी वडिलांच्या घराण्यातून घेतला. वडील म्हणतात, आईच्या. दोन्हीकडून थोडा थोडा आला असावा, म्हणूनच इतका पक्का बसलाय. माझा राग अनेकांवर आहे, पण सगळ्यांत वरचा मान मामेभावाचा. त्याच्या खालोखाल एक परदेशी कंपनी, जिनं एक गेम आधी टीव्हीला जोडायच्या डब्यावर काढला आणि आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. या दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही, तरी माझ्या वाईटावर दोघं मिळूनच टपले होते असं मला आजही वाटतं.

आमचं गाव अणदूर. आईचं माहेर नळदुर्ग, हायवेनं अगदी जवळ, सायकलवर दम लागायच्या आत पोचता येईल इतकं. दोन्ही गावांत खंडोबाचं देऊळ आहे, पण देव एकच. वर्षातला बहुतेक काळ तो आमच्याकडे असतो, आणि जत्रेच्या मोसमात पावणेदोन महिने नळदुर्गला. न्यायचे दिवस ठरलेले, आणायचे ठरलेले, दोन्ही गावच्या मानकऱ्यांचा त्यावर शब्द दिला-घेतलेला. बाहेरचा माणूस हे ऐकून विचारतो, मग देव नसतो तेव्हा रिकाम्या देवळात काय करता? वाट बघतो, दुसरं काय करणार. नळदुर्गकरांना ती जास्त बघावी लागते आणि आम्हाला कमी, याचा मला लहानपणी चांगलाच माज होता.

मी आठवीत असताना धाकटा मामा दुबईहून आला आणि येताना तो गेमचा डबा घेऊन आला. काळा, चपटा, सोबत दोन रिमोट. कंट्रोलर हा शब्द आम्हाला नंतर कळला, तेव्हा हातात धरायचं ते सगळं रिमोटच. मामानं डबा टीव्हीशेजारी ठेवला, "तुमा दोघांत एक" म्हणाला आणि सुट्टी संपल्यावर निघून गेला. दोघं म्हणजे मी आणि थोरल्या मामाचा मुलगा. तो माझ्यापेक्षा वर्षानं मोठा आणि घर त्याचं. मामाची पाठ वळली तशी आमची जुंपली. शेवटी प्रकरण आजोबांकडे गेलं.

आजोबा दारात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि शेंगा फोडायचं न थांबवता निवाडा दिला.

"देव भांडतो का रं? दोन गावं, एक देव. कुनी कवा कमी-जास्त बोललंय? तसंच करायचं. देव अणदूरला हाय तवर डबा हितं. देव हितं आला की डबा अणदूरला. झालं."

असला न्याय जगातल्या दुसऱ्या कुठल्या घरानं कबूल केला नसता. आम्ही केला. वडिलांनी मान हलवली, थोरल्या मामानं हलवली, आणि मी तर खुशीत हलवली. देवाची वाटणी आमच्या इतकी अंगवळणी पडलेली, की तीच उलटी करून घेतली तर काय होईल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. सायकलवर घरी येताना अर्ध्या वाटेत डोक्यात प्रकाश पडला. देव आमच्याकडे जास्त दिवस, म्हणजे डबा त्यांच्याकडे जास्त दिवस! मी तिथूनच सायकल वळवली.

"बोलून झालंय आता," आजोबा म्हणाले. "देवाच्या नावानं बोललेलं फिरवत न्हाईत."

त्यांच्या मागं, आतल्या खोलीच्या दारात मामेभाऊ उभा होता. हातात रिमोट, तोंडावर हसू. ते हसू मी जपून ठेवलं.

आता त्या गेमबद्दल. जग पाण्यात बुडालंय, शहरंच्या शहरं खाली गेलीत, आणि एक म्हातारा नावाडी आपल्या नातीला होडीत घालून तिच्या आईच्या शोधात निघालाय. बस, एवढीच गोष्ट. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळायचं, आणि इथं टीव्हीभर पाणी. बुडालेल्या घरांची छपरं खालून जाताना दिसायची. नात होडीच्या टोकाला बसून दोर सांभाळायची आणि आजोबाला सारखी काहीतरी विचारायची. मी दिवाळीच्या सुट्टीत नळदुर्गला गेलो तेव्हा पहिला पूल येईपर्यंत खेळलो. तिथं होडी खांबाला धडकली आणि मामेभावानं माझ्या हातातून रिमोट ओढून घेतला.

"तुला न्हाय जमायचं. दे हिकडं."

मला राग आला, पण फारसा नाही. देव नळदुर्गला यायला थोडेच दिवस उरले होते. मग डबा माझा, नाव माझी, नातही माझीच. इतक्या आतुरतेनं देवाच्या जाण्याची वाट अणदुरात आजवर कुणी बघितली नसेल. लोक देवाला निरोप देताना डोळे पुसत होते आणि मी भंडारा उधळत होतो.

डबा आला. शब्दाला जागून, दुसऱ्याच दिवशी, बाजाराच्या पिशवीत घालून मामानं पाठवला. सोबत दोन डिस्क होत्या, क्रिकेटची एक आणि गाड्यांच्या शर्यतीची एक. नावाड्याची नव्हती.

मी सायकल हाणत नळदुर्गला गेलो. "ती दोस्ताकडं हाय," मामेभाऊ म्हणाला. दोस्त कुठला, तर उमरग्याचा. तो कधी येणार, तर माहीत नाही. आजोबांकडे तक्रार केली तर त्यांनी विचारलं, डबा मिळाला का? मिळाला. मग? डबा आणि डिस्क यांतला फरक त्यांना समजावताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मामेभाऊ शेजारी उभा राहून "बगा की, रडतंय" म्हणाला. मी घरी येऊन पावणेदोन महिने क्रिकेट खेळलो. त्या खेळातल्या गोलंदाजांवर मी जेवढा राग काढला तेवढा कुणी काढला नसेल.

आणि त्यातच नळदुर्गची जत्रा आली. आम्ही सगळे मामाकडे जेवायला. भलीमोठी पंगत, शेजारीपाजारी, पाहुणे, मधे मी आणि समोर तो. भाकरी कुस्करता कुस्करता तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "डबा तुमच्याकडं यायच्या आदीच संपला बरं का माझा त्यो गेम."

मी म्हणालो, "सांगू नको."

"शेवटी मोठा भोवरा येतोय."

"सांगू नको म्हणलं ना!"

"भोवऱ्यात नाव अडकती. मग म्हातारा आपल्या हातानं दोर तोडतो आन् पोरगी बुडती. मरती. आन् तिची लाल बांगडी तेवढी पाण्यावर तरंगत वर येती. संपला."

पंगतीतल्या बायका "अगं बाई, बिचारी" म्हणाल्या. मी ताटावरून उठलो. अन्नावरून उठला म्हणून आईनं मलाच रागे भरलं. घरी परततानाही माझ्यासमोर ती बांगडीच तरंगत होती. मी ज्या पोरीला पहिल्या पुलाच्या पुढं नेलं नव्हतं, ती माझ्यादेखत पंगतीत मारली गेली होती. त्या दिवशी मी ठरवलं की याचा बदला घ्यायचा. कसा ते माहीत नव्हतं. पण घ्यायचा.

पुढच्या उन्हाळ्यात डबा जळला. अर्थात त्यांच्याकडे असताना. स्टॅबिलायझर मामीनं फ्रिजला लावला होता, तर यानं डबा सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला. लाईट गेली, आली ती उसळी घेऊनच आली, आणि डब्यातून वास सुटला. माझा वाटाही त्यात जळाला. "आता देव कुठंबी राहू दे, भांडण मिटलं," असं आजोबा म्हणाले. त्यांच्यापुरतं मिटलं असेल.

मग आमच्या घरी कॉम्प्युटर आला आणि मला आशा लागली. डब्यावर आलेले गेम पुढंमागं कॉम्प्युटरवर येतात, असं वर्गातल्या एकानं सांगितलं होतं. बाकीचे आलेही. युद्धाचे आले, गाड्यांचे आले, ज्यांना कुणी विचारत नव्हतं ते आले. माझा नावाडी काही येईना. मी कंपनीच्या मुलाखती वाचायला लागलो. इंग्रजी पेपरात कच्चा होतो, पण "सध्या तसा विचार नाही" हे वाक्य मला दहा वेगवेगळ्या इंग्रजी तऱ्हांनी पाठ झालं. कधी कुणी अफवा सोडायचा की पुढच्या वर्षी येतोय. पुढचं वर्ष यायचं, गेम यायचा नाही. त्याचा दुसरा भाग निघाला, तोही डब्यावरच! म्हणजे आधी आम्हाला ताटापासून उठवायचं आणि मग आमच्यासमोर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. त्या कंपनीच्या साहेबाला भर उन्हाळ्यात तामलवाडीच्या फाट्यावर उभं करून "एसटी येईलच आता" असं सांगावं, आणि आपण झाडाखाली बसून बघावं, हा माझा त्या काळचा आवडता विचार होता.

लोक विचारतात, मग इंटरनेटवर दुसऱ्यानं खेळलेला व्हिडिओ का नाही पाहिलास? काय पाहू? शेवट तर कळलेलाच होता. बुडणारी पोर दुसऱ्याच्या हातून बुडताना बघायची मला हौस नव्हती. बुडवायची असेल तर मी बुडवीन, भोवऱ्यापर्यंत मी नेईन. तेवढा माझा हक्क होता आणि तो मला हवा होता.

शाळा संपली, कॉलेज संपलं. आजोबा गेले. मी जमिनींचे नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं काम घेतलं आणि त्या कामाच्या नावाखाली घरात चांगलं दणकट मशीन आणलं. मामेभावानं नळदुर्गला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं, पोट सुटलं, वागण्याला गोड झाला. लग्नकार्यात भेटला की पाठीवर थाप मारायचा. त्याच्या लेखी जुनं सगळं संपलं होतं. माझ्या लेखी काहीच संपलं नव्हतं, कारण माझा तर गेमच सुरू झाला नव्हता.

आणि एके दिवशी जाहीर झालं. नावाडी कॉम्प्युटरवर येतोय. मी खुर्चीतून उठून अंगणात गेलो आणि परत आलो, दुसरं काय करावं सुचेना. मग तारीख पुढं गेली, दर्जा सुधारायचा म्हणून. मग पुन्हा गेली. अखेर आला तेव्हा डाउनलोड होता होता दिवसच्या दिवस गेले. आमच्याकडचं नेट, त्यात लाईटचे खेळ. आई रोज विचारायची, "आलं का तुझं पाणी?"

पाणी आलं, पण काळं. खरंच काळं, डांबरासारखं, कारण कॉम्प्युटरसाठी गेम बदलताना कुणीतरी घाई केली होती. दर्जा सुधारायला दोनदा तारीख पुढं ढकलली आणि सुधारला तो असा! नाव चार हात जायची आणि अडखळायची. पुलाशी आलो तर पडद्यावर सूचना उमटली, 'त्रिकोण दाबा'. डब्याच्या रिमोटवर त्रिकोणाचं बटण असतं. कीबोर्डवर त्रिकोण कुठून आणू? इतकी वर्षं थांबवून त्यांनी आमच्यासाठी बटणांची नावं बदलायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. मी सगळी बटणं दाबून पाहिली, तोवर होडी त्याच खांबाला धडकली. "तुला न्हाय जमायचं" हे वाक्य मला त्याच्याच आवाजात ऐकू आलं.

मी कंपनीला शिव्या घातल्या. छापण्याजोग्या त्यांत एक-दोनच होत्या. मग सोलापूरहून रिमोट आणला, कंपनीकडून दुरुस्ती येईपर्यंत थांबलो, पाणी निळं झालं आणि मी निघालो.

रोज दुपारी, काम आवरलं की तासभर. मी त्या पोरीला जीव लावायचा नाही असं ठरवून खेळलो. ती होडीच्या टोकावरून काही विचारायची आणि मी नजर पाण्यावर ठेवायचो. हिचं काय होणार हे मला माहीत होतं. ती हसली की मला पंगत आठवायची. एकदा वादळात ती म्हाताऱ्याला घट्ट बिलगली, तेव्हा तिचे दोन्ही हात जवळून दिसले, आणि हातांत बांगडी नव्हती. पुढं कुठंतरी मिळत असेल, असं मी मनाशी म्हणालो.

भोवरा आला. भयंकर अवघड होता. दहा दिवस मी तिथं बुडालो, कधी दगडावर आपटून, कधी नाव उलटून. मग एकदा जमलं. म्हाताऱ्याचे हात थकतात, तो वल्हं सोडतो, आणि मी मनाशी म्हटलं, आता दोर. पण दोर कुणी तोडला नाही. ती पोर टोकावरून मागं आली, तिनं वल्हं हातात घेतलं आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "तुम्ही बसा आता." भोवऱ्यातून होडी तिनं काढली. शेवटी म्हातारा तिच्या जागेवर, टोकाला बसून झोपलाय आणि ती वल्हवतेय. समोर लांबवर दिवे दिसताहेत. संपलं.

आधी आनंद झाला, नाही असं नाही. मग कळलं आणि अंगाची आग झाली. भोवरा त्याला जमलाच नव्हता! तो तिथंच बुडत राहिला, हरला, आणि पंगतीत माझ्यासमोर मिरवायला त्यानं एक शेवट आपल्या मनानं रचला. दोर त्याचा, बांगडी त्याची. इतकी वर्षं मी एका पोरीचं सुतक मनात वागवलं आणि ती मेलीच नव्हती. डिस्क दडवली, डबा जाळला, हे एक वेळ मी सोडलं असतं. हे सोडण्यासारखं नव्हतं. आणि आता, एवढ्या वाटेनंतर, बदला कसा घ्यायचा ते मला दिसलं. काहीच करायचं नव्हतं. त्याच्या शब्दाला फक्त मान द्यायचा होता.

मी भोवऱ्याच्या तोंडाशी गेम जपून ठेवला आणि देव नळदुर्गला जायच्या दिवसाची वाट बघत बसलो. वाट बघायची तर मला सवयच.

देव न्यायला नळदुर्गची माणसं आली, त्यांत तो होता. दरवर्षीसारखा घरी चहाला आला. आईशी बोलता बोलता माझ्या खोलीत डोकावला आणि थबकला. पडद्यावर होडी, पुढं गरगरणारं पाणी, टोकाला दोर धरून पोर.

"आला व्हय ह्यो कॉम्प्युटरवर?"

"आला. उशिरा, पण आला."

तो न विचारता माझ्या खुर्चीत बसला. पोट टेबलाला लागलं. तोंडावरचा दुकानदार उतरला आणि खाली नववीतला पोरगा निघाला. "हितनंच त्यो भोवरा," तो हलक्या आवाजात म्हणाला आणि रिमोटकडे हात केला. रिमोट माझ्या हातात होता.

"कशाला?" मी विचारलं. "तुझा तर संपलाय."

"असंच. बगतो की जरा."

"संपलेला गेम काय बगायचा? साऱ्या पंगतीला शेवट सांगितला हुतास की तू."

हात तसाच पुढं राहिला. 'माझा संपला नव्हता' एवढंच त्यानं म्हणायला हवं होतं. म्हणाला असता तर मी रिमोट दिला असता. बहुतेक दिला असता. इतकी वर्षं मोबाईलवर खरा शेवट बघणं त्याला अवघड नव्हतं, पण तो माझाच मामेभाऊ. दुसऱ्यानं जिंकलेलं बघायचं म्हणजे आपण हरलो हे कबूल करायचं, आणि ते आमच्या दोघांच्याही रक्तात नाही.

आई कप घेऊन दारात आली. "आरं दे की त्याला. पावना हाय त्यो."

"नको आत्या," तो उठत म्हणाला. "मला ठाव हाय ह्येचा शेवट."

देवळाकडून हलगी वाजायला लागली. तो उंबऱ्याशी चप्पल घालायला वाकला, एक पाय घातला आणि तसाच थांबला. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "बुडतीच ना रं ती शेवटी?"

"बुडती की," मी म्हणालो. "म्हातारा दोर तोडतो. मग लाल बांगडी वर येती. तू म्हणला तसंच, जसंच्या तसं."

त्यानं झटकन वर पाहिलं. ती बांगडी त्याच्या पोतडीतली होती. पंगत ती केव्हाच विसरली होती, या जगात ती आता फक्त त्याच्या आणि माझ्या लक्षात होती, आणि कुठल्याच पाण्यावर ती कधी तरंगली नव्हती. मी चहाचा घोट घेतला. रस्त्यावरून येळकोटाची आरोळी आली आणि त्याला जावंच लागलं.

देव नळदुर्गला गेला. खेळ अणदूरला राहिला. आजोबांचा निवाडा आमच्या घरात पहिल्यांदाच नीट पाळला गेला.